दिवा लख्ख, तरी गाडी जड

मागील अंकात या सदरात आपण घरातील इन्व्हर्टर आणि त्याच्या बॅटरीतील पाण्याविषयी बोललो होतो. तो लेख वाचून निगडीच्या एका भगिनींनी विचारले, ‘‘भाऊ, घरातल्या बॅटरीचे झाले, आता दारातल्या गाडीचेही लिहा. सकाळी किल्ली फिरवली की ती कण्हत कण्हत सुरू होते. प्रत्येक जण वेगळेच औषध सांगतो.’’ विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे आणि थोडा लाजेचाही. तो का, हे लेखात पुढे येईल.

आपण राहतो ते गावच मोटारींचे. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि पिंपरी-चिंचवडच्या माळरानावर कारखान्यांची रांग उभी राहू लागली. टेल्को, म्हणजे आजची टाटा मोटर्स, साठच्या दशकातच येथे आली. आकुर्डीत बजाजने बस्तान बसविले. भोसरीत १९६७ पासून केंद्रीय मार्ग परिवहन संस्था वाहतुकीचे शास्त्र शिकवीत आहे. पुढे नाशिक रस्त्याने उद्योग चाकणला सरकले आणि बजाज, महिंद्र, फोक्सवॅगन, मर्सिडीज यांच्या कारखान्यांमुळे कांद्याच्या बाजाराचे ते गाव मोटारींच्या बाजाराचे झाले. आपल्यापैकी कित्येकांच्या पेढ्या याच कारखान्यांना नटबोल्ट, पत्रा, रबर आणि रंग पुरवून मोठ्या झाल्या. तरीही आपल्या दारातील गाडी अडली की आपण गोंधळतो आणि जो पहिला भेटेल त्याचे ऐकतो. माझेही तसेच झाले.

आमच्या पेढीच्या गाडीवर एक चालक आहेत. अकरा वर्षे त्यांनी आमची माणसे आणि आमचा माल सांभाळला. गेल्या वर्षी चैत्रात गाडी सकाळी जड सुरू होऊ लागली. किल्ली फिरवली की सेल्फ एकदम फिरण्याऐवजी घुर्र… घुर्र… असा ओढत फिरायचा. बॅटरी साडेतीन वर्षांची होती. ओळखीच्या गॅरेजमध्ये नेली, तर गाडीचे झाकणही नीट न उघडता तेथील मुलगा म्हणाला, ‘‘बॅटरी गेली. रात्री कुणीतरी लाइट चालू ठेवत असणार, नाहीतर गाडीत बसून गाणी ऐकत असणार.’’

‘कुणीतरी’ म्हणजे कोण, हे सांगण्याची गरज नव्हती. माल उतरेपर्यंत चालक गाडीत बसतात, हे मला ठाऊक होते. मी नवी बॅटरी बसविली. साडेपाच हजार रुपये लागले, आणि त्यांपैकी निम्मे मी दोन महिन्यांत त्यांच्या पगारातून कापून घेतले. ते एवढेच म्हणाले, ‘‘शेठ, बॅटरी उतरली असती तर दिवा मंद झाला असता. गाडी जड होते तेव्हा आतला दिवा तर लख्ख असतो.’’ मी ते ऐकले, पण मनावर घेतले नाही. हिशेबाच्या वहीत मात्र कपातीची नोंद अचूक केली.

वाचकहो, त्या एका वाक्यात रोगाचे संपूर्ण निदान होते. ते कसे, हे समजण्यासाठी गाडी सुरू कशी होते हे थोडे पाहू.

इंजिन स्वतःहून सुरू होत नाही. त्याला आधी बाहेरून फिरवावे लागते. जुन्या काळी पुढून लोखंडी हँडल घालून ते हाताने फिरवीत. हँडल उलटा झटका मारी आणि माणसांची मनगटे मोडत. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी बनविलेला विजेचा स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत आला आणि हे कष्ट संपले. आपण ज्याला ‘सेल्फ’ म्हणतो तो हाच. ही एक छोटी पण दांडगी मोटर आहे. लहान गाडीतही ती त्या दोन-तीन सेकंदांत शंभर ते दोनशे अँपिअर प्रवाह ओढते. घरातील पंखा अर्धा अँपिअरही घेत नाही, यावरून या ओढीचा अंदाज यावा. डिझेल गाडीत तर ही ओढ आणखी मोठी असते.

हा प्रवाह बॅटरीच्या धन टोकाकडून जाड केबलने सेल्फपर्यंत जातो, सेल्फमधून इंजिनच्या धातूत उतरतो, तेथून एका जाड पट्टीने गाडीच्या सांगाड्यात येतो आणि सांगाड्यातून बॅटरीच्या ऋण टोकाला परततो. परतीच्या या वाटेला आपले वायरमन ‘अर्थिंग’ म्हणतात. जाण्याच्या वाटेकडे सर्वांचे लक्ष असते. परतीच्या वाटेकडे क्वचितच कुणी पाहतो.

आता निदानाकडे वळू. पहिला प्रश्न स्वतःला विचारावा तो हा : गाडी जड फिरते की उशिरा पेटते? दोन्हींना आपण ‘लवकर सुरू होत नाही’ असेच म्हणतो, परंतु ही दोन वेगळी दुखणी आहेत. सेल्फ ओढत, थकल्यासारखा फिरत असेल तर दोष विजेच्या वाटेवर आहे. सेल्फ नेहमीच्या वेगाने खणखणीत फिरतो, पण इंजिन बराच वेळ पेट घेत नाही, असे असेल तर दोष इंधनाचा, ठिणगीचा किंवा एखाद्या सेन्सरचा आहे. आणि नुसताच ‘टक्’ किंवा ‘टक-टक-टक’ असा आवाज येऊन काहीच फिरत नसेल, तर बहुधा बॅटरी पार उतरलेली असते, टर्मिनल सैल असते किंवा सेल्फचा सोलेनॉइड बिघडलेला असतो. गॅरेजमध्ये गेल्यावर हा फरक शब्दांत सांगता आला, तरी निम्मे काम होते.

दुसरी परीक्षा दिव्याची. तिला एक पैसाही लागत नाही. गाडीतील आतला दिवा लावून किल्ली फिरवावी. (पुढचे दिवे यासाठी वापरू नयेत, अनेक नव्या गाड्यांत सुरू करताना ते आपोआप बंद होतात.) दिवा एकदम मलूल झाला आणि सेल्फ जड फिरला, तर बॅटरी अशक्त आहे, तिची टर्मिनले गंजली आहेत किंवा सेल्फ आतून जाम होऊन प्रमाणाबाहेर प्रवाह ओढत आहे. दिवा मात्र लख्ख राहिला आणि तरीही सेल्फ जड फिरला, तर बॅटरी बहुधा निर्दोष आहे. वीज आहे, ती सेल्फपर्यंत पुरेशी पोहोचत नाही. अडथळा वाटेवर आहे किंवा सेल्फच्या झिजलेल्या कार्बन ब्रशमध्ये आहे.

आमच्या चालकांनी हेच तर सांगितले होते.

तिसरी परीक्षा मल्टीमीटरची. हे उपकरण काही शे रुपयांत मिळते आणि प्रत्येक पेढीत असावे असे मला वाटते. गाडी रात्रभर उभी राहिल्यानंतर सकाळी, काहीही सुरू न करता, बॅटरीच्या दोन टोकांवर ते लावावे. १२.६ व्होल्ट किंवा अधिक दाखवले तर बॅटरी पूर्ण भरलेली. १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी आणि १२.० म्हणजे जवळजवळ रिकामी. मग दुसऱ्याला किल्ली फिरवायला सांगून आकडा पाहावा. सेल्फ फिरत असताना तो ९.६ च्या खाली कोसळला, तर बॅटरी थकली आहे किंवा भरलेली नाही. गाडी सुरू झाल्यावर आकडा साधारण १३.८ ते १४.७ च्या दरम्यान गेला पाहिजे. तो साडेबाराच्या आसपासच राहिला तर अल्टरनेटर बॅटरी भरत नाही आणि नवी बॅटरी घेऊनही चार दिवसांत रडगाणे पुन्हा सुरू होईल. काही अगदी नव्या गाड्यांत संगणक हा आकडा मुद्दाम वरखाली करतो, म्हणून तेथे एका आकड्यावरून निकाल देऊ नये.

आमच्या गाडीची कथा येथे पुन्हा सुरू होते. नव्या बॅटरीचा जोर थोडा अधिक, त्यात वैशाखाची कोरडी हवा. दुखणे दोन-अडीच महिने झाकले गेले. आषाढात पाऊस लागला आणि गाडी पुन्हा कण्हू लागली. एका संध्याकाळी चाकणच्या तळेगाव चौकातील कोंडीत ती बंद पडली, मागे कंटेनरची रांग लागली आणि चार हमालांनी ती ढकलून बाजूला घेतली. आता गॅरेजने सांगितले, ‘‘सेल्फ बदला, नऊ हजार.’’ या वेळी मात्र मी थांबलो. भोसरीत एक वृद्ध वायरमन आहेत. कारखान्यातून निवृत्त होऊन लहानशा गाळ्यात काम करतात. त्यांच्याकडे गाडी नेली.

त्यांनी मला काहीच विचारले नाही. चालकांना विचारले, ‘‘काय होतं?’’ चालकांनी दिव्याची गोष्ट सांगितली. वायरमनकाका मान डोलावत म्हणाले, ‘‘मग बॅटरी कशाला बदलली?’’ मी गप्प राहिलो.

त्यांनी मीटरची एक सळई बॅटरीच्या ऋण टोकावर आणि दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर ठेवली आणि किल्ली फिरवायला सांगितली. एकाच तारेने जोडलेल्या या दोन जागांत खरे तर काहीच फरक दिसू नये. दिसला तर ०.२ ते ०.३ व्होल्टपर्यंत चालतो. मीटरने २.६ दाखवले. बॅटरीवर त्याच वेळी ११.३ होते, म्हणजे बॅटरी ठणठणीत होती. धन बाजूच्या केबलमध्ये ०.३ जात होते, तेथे ०.५ पर्यंत क्षम्य असते.

मी व्यापारी माणूस. मला त्यांनी ते व्यापाऱ्याच्या भाषेत समजावले. ‘‘शेठ, पेढीतून ११ रुपये ३० पैसे निघाले. जाताना वाटेत ३० पैसे खर्च झाले, ते ठीक. पण परतीच्या वाटेवर २ रुपये ६० पैसे गळाले. सेल्फच्या हाती उरले ८ रुपये ४० पैसे. तेवढ्यात तो बिचारा किती पळणार? आणि तुम्ही गल्ल्यावर बसलेल्याला चोर ठरवलंत.’’

शेवटचे वाक्य ते बॅटरीला उद्देशून म्हणाले असावेत. मला ते दुसरीकडे लागले.

गिअरबॉक्सपासून सांगाड्यापर्यंत येणारी अर्थिंगची पट्टी त्यांनी खोलली. वरून प्लास्टिकचे आवरण धडधाकट होते. आत तांब्याच्या तारा हिरव्या पडून भुसभुशीत झाल्या होत्या आणि बोल्टखालचा पत्रा गंजला होता. पावसात ओल शिरली की अडथळा वाढे, उन्हात घटे. अशा ठिकाणी अडथळा किती थोडा पुरतो पाहा : ओहमच्या नियमाने दीडशे अँपिअर प्रवाहाच्या वाटेत ओहमचा अवघा शंभरावा भाग आडवा आला, तरी दीड व्होल्ट तेथेच खर्ची पडतात. घरच्या दिव्याला हा अडथळा जाणवणारही नाही. सेल्फचा मात्र तो गळा धरतो. नवी पट्टी बसली, पत्रा घासून चकचकीत केला, वर ग्रीस लावले. मजुरीसह साडेतीनशे रुपये झाले. पुन्हा मीटर लावले तेव्हा परतीची गळती ०.१ वर आली. बॅटरीचा आकडा मात्र सुरू करताना १०.६ पर्यंत उतरला, आणि हे सुचिन्ह होते. कारण आता सेल्फ आपल्या हक्काचा पूर्ण प्रवाह घेत होता. किल्ली फिरताच गाडी एका दमात सुरू झाली.

त्या संध्याकाळी पेढीवर आल्यावर मी वही उघडली आणि कापलेली रक्कम चालकांपुढे ठेवली. ‘‘माझी चूक झाली, क्षमा करा,’’ असे म्हणालो. अकरा वर्षांत हे वाक्य मी त्यांना प्रथमच म्हणत होतो. त्यांनी पैसे मोजले नाहीत, खिशात ठेवले. थोडे थांबून म्हणाले, ‘‘पैशाचं नाही शेठ. घरी मुलानं विचारलं होतं, पगार का कमी आला. त्याला काय सांगू ते सुचलं नव्हतं.’’ यावर मला काही बोलता आले नाही. दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी त्यांच्या घरी गेलो आणि काय घडले ते त्यांच्या मुलासमोर स्वतः सांगितले. गाडीचे दुखणे साडेतीनशेत बरे झाले होते. हे दुसरे काम राहिले होते.

आता घरच्या घरी काय करता येईल, ते पाहू.

टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी दिसली तर ती साफ करावी. गाडी बंद करून आधी ऋण टर्मिनल सोडवावे, मग धन. जोडताना आधी धन, मग ऋण. हा क्रम पाळला तर पाना चुकून सांगाड्याला लागून ठिणगी पडत नाही. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून जुन्या ब्रशने घासावे, कोरडे पुसावे, घट्ट बसवावे आणि वरून व्हॅसलिनचा हात फिरवावा. नव्या गाड्यांत बॅटरी सोडवल्याने घड्याळ, रेडिओचा संकेतांक किंवा काचांची आपोआप चढउतार पुन्हा बसवावी लागते. तेव्हा पुस्तिका आधी पाहावी. बॅटरीजवळ काम करताना अंगठी, बांगडी, कडे काढून ठेवावे, पदर-ओढणी खोचून घ्यावी. बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो, म्हणून जवळ काडी, उदबत्ती, दिवा नको.

सेल्फ एका वेळी दहा सेकंदांहून अधिक फिरवू नये. मध्ये अर्धा-एक मिनिट विसावा द्यावा. सतत फिरवल्याने सेल्फ जळतो आणि उरलीसुरली बॅटरीही संपते. बंद पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवून ‘बॅटरी भरत’ बसू नये. धुरातील कार्बन मोनॉक्साइड जिवावर बेततो.

दुसऱ्या गाडीवरून जंपर लावायचा असेल तर लाल केबल आधी उतरलेल्या बॅटरीच्या धन टोकाला, मग चांगल्या बॅटरीच्या धन टोकाला. काळी केबल चांगल्या बॅटरीच्या ऋण टोकाला आणि तिचे शेवटचे टोक बंद गाडीच्या बॅटरीला नव्हे, तर तिच्या इंजिनच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून दूर लावावे. काढताना उलटा क्रम. ऑटोमॅटिक गिअरची गाडी धक्का मारून सुरू करण्याचा प्रयत्न करू नये.

सेल्फ खणखणीत फिरतो पण गाडी उशिरा पेटते, असे असेल तर पेट्रोल गाडीत स्पार्क प्लग, इंधनाचा फिल्टर आणि पंपाचा दाब तपासावा. रात्रभरात नळीतील दाब उतरत असेल, तर किल्ली सुरू करण्याआधीच्या टप्प्यावर दोन-तीन सेकंद ठेवून, बंद करून, पुन्हा तसेच करून मग फिरवावी. फरक पडला तर दोष इंधनाच्या दाबाचा आहे हे कळते. आपल्याकडे सीएनजी गाड्या पुष्कळ. त्यांपैकी बहुतेक पेट्रोलवर सुरू होऊन मग गॅसवर जातात, आणि आपण महिनोन् महिने तेच दोन लिटर पेट्रोल टाकीत ठेवतो. शिळ्या पेट्रोलने इंजेक्टर चिकटतात. म्हणून अधूनमधून ताजे पेट्रोल भरून थोडे अंतर पेट्रोलवर चालवावे. डिझेल गाडीत थंडीच्या सकाळी हीटर प्लगची खूण विझेपर्यंत थांबूनच किल्ली पुढे फिरवावी. प्लग गेले असतील किंवा डिझेलच्या नळीत हवा शिरत असेल, तरी ती उशिरा पेटते.

सर्वांत मोठे कारण मात्र आपली राहणी. घर ते दुकान तीन किलोमीटर, दिवसातून चार वेळा सुरू-बंद. किंवा चाकणच्या कोंडीत एसी चालू ठेवून तासभर सरपटणे. अशा वापरात सुरू करताना गेलेली वीज पुरती परत भरत नाही. पावसाळ्याचे चार महिने ज्यांची गाडी क्वचितच बाहेर निघते, त्यांनी आठवड्यातून एकदा तरी अर्धा तास मोकळ्या रस्त्यावर न्यावी. बंद गाडीतही अलार्म, कॅमेरा, ट्रॅकर थोडी थोडी वीज खातात. गाडी झोपल्यावर ही गळती साधारण ५० मिलिअँपिअरच्या आत असावी. त्याहून जास्त असेल तर बाहेरून बसविलेल्या वस्तू एकेक सोडवून पाहाव्यात.

बॅटरी खरोखर बदलायचीच असेल, तर पक्के बिल आणि वॉरंटी कार्ड घ्यावे, उत्पादनाचा महिना पाहावा. सिग्नलवर आपोआप बंद-सुरू होणाऱ्या गाडीला तिच्यासाठीच बनविलेली बॅटरी लागते. स्वस्त म्हणून साधी बसवू नये. जुनी बॅटरी दुकानदारालाच परत द्यावी; तिच्यातील शिसे आणि आम्ल विषारी असते. रस्त्याकडेला ती फोडणाऱ्याच्या हाती दिली, तर ते विष त्याच्या लेकरांच्या अंगात आणि आपल्याच पवना-इंद्रायणीच्या पाण्यात उतरते. २०२२ च्या नियमांनी उत्पादकांवर ती गोळा करण्याची जबाबदारी टाकली आहे; आपली जबाबदारी फक्त ती योग्य हाती देण्याची.

आणि एक विनंती. गाडीविषयी गाडी चालवणाऱ्याला आधी विचारा. तो शास्त्रीय शब्दांत सांगणार नाही, पण दररोज किल्ली तोच फिरवतो. आमच्या गाडीत आता एक लहान वही ठेवली आहे. काही वेगळे जाणवले की चालक तारीख घालून दोन ओळी लिहितात आणि महिनाअखेरीस जमाखर्चाबरोबर मी ती वाचतो. गेल्या महिन्यातील नोंद अशी आहे : ‘मागचा डावा टायर हवा धरत नाही.’

तेव्हा पुढील अंकात टायर.